सुरिनाम : हिशेब चुकता झाला का?
हुकूमशहा पायउतार झाला की हिशेब आपोआप चुकता होतो, हे मत दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या देशाच्या बाबतीत टिकत नाही. ८ डिसेंबर १९८२ रोजी राजधानी पारामारिबोच्या झीलँडिया किल्ल्यात देसी बाउटर्स यांच्या लष्करी राजवटीने वकील, पत्रकार, कामगार नेते अशा १५ विरोधकांना गोळ्या घातल्या. त्या गोळ्यांच्या खुणा तिथल्या भिंतीवर अजून दिसतात. पुढे २०१० साली हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले (तेही रीतसर निवडणुकीतून, हे विशेष) आणि या हत्यांचा खटला चालू असतानाच २०१२ मध्ये माफीचा कायदा संमत झाला. तरीही खटला पुढे चालला. २०१९ मध्ये सुनावलेली २० वर्षांची शिक्षा डिसेंबर २०२३ मध्ये कायम झाली, तेव्हा ते तुरुंगात हजर होण्याऐवजी भूमिगत झाले आणि वर्षभरात, एकही दिवस शिक्षा न भोगता, वारले.