गांबिया सेनेगलमध्ये विलीन व्हायला हवा होता का?

नकाशावेडा

पश्चिम आफ्रिकेचा नकाशा उघडा. सेनेगलच्या पोटात कुणी सुरी खुपसून तशीच विसरून गेलंय असं वाटतं. ती सुरी म्हणजे गांबिया. पश्चिमेला अटलांटिक, बाकी तिन्ही बाजूंना सेनेगल. लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी जेमतेम 50. क्षेत्रफळ सुमारे 11,300 चौरस किलोमीटर. आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून याहून मोठे भरतील. मधून गांबिया नदी, आणि देश म्हणजे तिचे दोन काठ. संपलं.

ब्रिटिशांच्या बोटीवरून तोफगोळा जिथवर पडला तिथवर हद्द, अशी दंतकथा आहे. खरी हकीकत बरीच रटाळ आहे. 1889 साली इंग्रज आणि फ्रेंच पॅरिसला बसले आणि नदीच्या दोन्ही अंगांना दहा-दहा किलोमीटर आखून मोकळे झाले. काठावरच्या मांडिंका, वोलोफ, फुला, जोला लोकांना विचारतो कोण! एक भाऊ इंग्रजी शाळेत गेला, चुलतभाऊ फ्रेंच.

आता मुद्दा. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष दावदा जवारा चार्ल्स-डायनाच्या लग्नाला लंडनला गेले आणि मागे बंड झालं. ते मोडलं सेनेगलच्या सैन्यानं. त्यातून 1 फेब्रुवारी 1982 रोजी सेनेगांबिया महासंघ उभा राहिला, 1989 मध्ये मोडला, आणि पाचच वर्षांत याह्या जामेह नावाचा 29 वर्षांचा लेफ्टनंट सत्तेवर येऊन बसला. पुढची 22 वर्षं तोच. मालक लग्नाला गेल्यावर ज्यांना घर राखता येत नाही, त्यांनी वेगळं बिऱ्हाड कशाला मांडावं? महासंघ टिकवायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांडवीकाठ

असहमत. 'एवढुसा प्रदेश, भाषा जवळची, मग वेगळं कशाला' हे आम्ही गोंयकारांनी 1967 च्या जनमत कौलाआधी पोटभर ऐकलंय. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. गोवा तर गांबियाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच आहे.

बरं, आम्हाला निदान विचारलं तरी. महासंघ करताना गांबियात जनमत कौल घेतलाच नाही. अध्यक्ष सेनेगलचे अब्दू दियूफ, जवारा उपाध्यक्ष. अध्यक्षपद आळीपाळीनं असावं असं जवारा म्हणाले, तेव्हा सेनेगलच्या राजधानीला, डाकारला, ते रुचलं नाही. याला महासंघ म्हणायचं की जावई घरी ठेवणं?

नकाशावेडा

ताई, गोव्याची तुलना फसवी आहे. तुम्ही महाराष्ट्राला नाही म्हणालात, भारताला नाही. पणजीत उद्या बंड झालं तर दिल्लीहून फौज येईल. गांबियाच्या राजधानीत, बांजुलला, कोण येणार?

बोटीवरचा

दोघंही पैशाचं बोलायला तयार नाही, म्हणून लिहितो. बांजुल बंदरात दोनदा माल उतरवलाय. तांदूळ, साखर, चहा, कापड. एवढ्या छोट्या देशाला एवढी साखर कशाला, असं मी तिथल्या एका हमालाला विचारलं. त्यानं नुसता नदीपलीकडे हात केला.

गांबियाचं कस्टम कमी. सेनेगलला स्वतःचे कारखाने सांभाळायचे, म्हणून तिकडे जास्त. मग बांजुलला उतरलेला माल सरळ वाटेनं आणि आडवाटेनं सेनेगलात जातो. शेंगदाण्याचं तर विचारू नका. दोन्हीकडचं मुख्य पीक तेच, आणि ज्या बाजूला भाव बरा त्या बाजूला गोणी रात्रीतून पोचते. शेतकरी काय सीमा बघत बसणार?

महासंघाची खरी गाडी इथे अडली. सेनेगलला दोन्हीकडे एकच जकात हवी होती. ती मान्य करणं म्हणजे बांजुलच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या दुकानाला कुलूप लावणं. शिवाय चलन वेगळं, तिकडे फ्रँक, इकडे दलासी. मानापमानाचं नाटक वर चालू होतं, खाली हिशेब होता.

नकाशावेडा

हा मुद्दा मला माहीत नव्हता. पण तस्करीवर चालणारी अर्थव्यवस्था हे वेगळं राहण्याचं समर्थन कसं काय?

बोटीवरचा

समर्थन नाही हो, कारण सांगितलं.

कायद्याचा किडा

जामेहवर सगळं खापर फोडून झालं असेल तर त्याला घालवलं कसं तेही बघा. गांबियात गोट्यांनी मतदान होतं! प्रत्येक उमेदवाराचं रंगीत पिंप, त्याच्या नळीत गोटी टाकायची, आत घंटी वाजते. दोनदा वाजली तर बाहेरच्यांना कळतं की लबाडी झाली. त्या दिवशी मतदान केंद्राजवळ सायकलला बंदी, कारण तिचीही घंटी वाजते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी साठच्या दशकात काढलेली ही युक्ती.

याच गोट्यांनी डिसेंबर 2016 मध्ये जामेह पडला. अदामा बॅरोंना 43.3 टक्के, त्याला 39.6. आधी टीव्हीवर हार मानली, आठवड्यानं शब्द फिरवला. बॅरोंनी 19 जानेवारी 2017 ला शपथ घेतली ती डाकारच्या गांबियन वकिलातीत. दोन दिवसांत जामेह विमानात. शेजारी देशांच्या फौजा सीमा ओलांडून आत आल्याच होत्या, पण आधी लोकांनी त्याला पाडला हे विसरू नका.

आणि 2019 मध्ये रोहिंग्यांच्या नरसंहाराबद्दल म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं कुणी? याच सुरीनं. सेनेगलचा जिल्हा असता तर न्यायालयात उभं राहता आलं असतं?

नकाशावेडा

सेनेगललाही तो खटला भरता आला असता. भरला नाही, हे मान्य. पण 2017 ला पुढे कोण होतं? सेनेगलचंच सैन्य. माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

मांडवीकाठ

शेजाऱ्यानं आग विझवली म्हणून घर त्याच्या नावावर करून देता का तुम्ही?

शेंगदाणा लाडू

मी इतका वेळ मांडवीकाठ ताईंच्या बाजूनं होते, पण एक गोष्ट खुपते. 2022 मध्ये तिथे सुमारे 70 लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं बोट दाखवलं ते भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांकडे. आयात झालेलं औषध तपासायला त्या देशात प्रयोगशाळाच नव्हती. झेंडा, नोटा, वकिलाती सगळं आहे. बाटलीत काय आहे ते बघायची सोय नाही. लहान असण्याची ही किंमत कुणीतरी मोजतंच.

मांडवीकाठ

मान्य. पण ते औषध बनलं आपल्याकडे. तपासून पाठवायचं काम मोठ्या देशाचं होतं.

नकाशावेडा

माझं मत फारसं बदललेलं नाही. बॅरो आल्यावरही नवी राज्यघटना 2020 मध्ये संसदेत पडली, आणि राष्ट्राध्यक्षानं किती वेळा निवडून यावं यावर मर्यादा नाहीच. पुन्हा बावीस वर्षं निघू शकतात. शिवाय सेनेगलच्या दक्षिणेचा कासामान्स हा भाग गांबियामुळे राजधानीपासून तुटलाय, तिथे 1982 पासून बंडखोरी धुमसतेय, ते अजून बोललोच नाही.

बोटीवरचा

कासामान्सला जाणारे ट्रक पूर्वी नदीवर फेरीबोटीसाठी दिवस-दिवस रांगेत असायचे. 2016 ला गांबियानं ट्रकचं शुल्क अचानक अनेक पटींनी वाढवलं, तर सेनेगलच्या ट्रकवाल्यांनी काही महिने सीमाच बंद पाडली. आता 2019 पासून फाराफेन्नीजवळ पूल झालाय. गाड्या सरळ जातात.

नकाशावेडा

टोल कोण घेतं?

बोटीवरचा

गांबिया.