लहानग्यांबरोबरचा फॉल (पानगळीचा ऋतू) आणि हॅलोवीन : तुमचे अनुभव लिहा

रमा_जर्सी :
३१ ऑक्टोबरचं हॅलोवीन, म्हणजे पोरांनी सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरायचं, जवळ आलं. परवा दुकानाबाहेर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांत भोपळे रचलेले दिसले, आमच्या पंधरा वर्षांच्या साहेबांना म्हटलं उचल रे एक चांगलासा, तर म्हणे आई, मी मित्रांबरोबर जाणारे, घरी भोपळा कशाला हवाय. झालं, मी थेट २०१२ मध्ये जाऊन पोचले.

तेव्हा हा दोन वर्षांचा, मधमाशीचा ड्रेस आणून ठेवलेला, आणि सोमवारी २९ ऑक्टोबरला रात्री सँडी वादळ आलं. जे तेव्हा न्यू जर्सीत होते त्यांना सांगायला नको. आमच्या गल्लीत ओकचं झाड तारांवर आडवं, लाइट गेले ते येईचनात, पेट्रोलसाठी नंबरप्लेटचा सम-विषम दिवस बघून रांगा. गव्हर्नरांनी तर चक्क आदेश काढून हॅलोवीन ५ नोव्हेंबरला ढकललं! दिवाळी पुढे ढकलली असं आपण कधी ऐकलंय का? भोपळा आधीच कोरून झालेला, त्यात मेणबत्ती लावली, तोच आमचा दिवा. गॅस चालू होता म्हणून वरणभात तरी व्हायचा, तो त्या दात विचकणाऱ्या भोपळ्यासमोर बसून खायचा. आणि हीटिंग बंद, त्यामुळे हा रात्रंदिवस मधमाशी, कारण घरातला सगळ्यात गरम कपडा तोच होता, आतून फर होती ना.

५ तारखेला लोक खरंच बाहेर पडले हो. कितीतरी घरं अंधारात, तरी माणसं टॉर्च घेऊन पायऱ्यांवर बसलेली. आमच्या मधमाशीला चॉकलेटशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त बेल वाजवायची होती. आणि लाइट नाहीत म्हटल्यावर बेल कुठून वाजणार! प्रत्येक दारात बोट दाबायचं, कान लावायचा, की भोकाड.

तुमच्याकडचे किस्से येऊ द्या. दोनतीन वर्षांच्या पोरांचे जास्त आवडतील.

चिंगीची_आई :
कान लावायचा आणि भोकाड :हाहा: ऑफिसात फिस्सकन हसले. आम्ही मिनेसोटावाले, आमच्याकडे ड्रेस कुठलाही घ्या, वरून जॅकेट घालायचंच. चिंगी परी झालेली, पंख जॅकेटच्या आत दडपलेले, पाठीला हे एवढं पोक, शेजारचे आजोबा म्हणाले वा वा कासव का? या आजोबांकडे दरवर्षी १९९१ ची गोष्ट ऐकल्याशिवाय चॉकलेट मिळत नाही, त्या साली हॅलोवीनलाच बर्फ सुरू झाला आणि मिनियापोलिसला २८ इंचांच्या वर पडला. आपण कुडकुडतोय आणि ते म्हणणार हे तर काहीच नाही. नवीन आयांना एकच सांगते, ड्रेस दोन साइझ मोठा घ्या आणि जॅकेटच्या वरून चढवा. चला डबा भरायचाय.

नाशिककर_नाना :
आम्ही उभयता सहा महिने लेकीकडे न्यूयॉर्क राज्यात आहोत. गेल्या रविवारी सफरचंदं तोडायला नेलं होतं. पद्धत अशी की पिशवीचे पैसे आधी मोजायचे, मग उन्हात फिरून तोडणी आपणच करायची, आणि पिशवी उचलून गाडीपर्यंत आपणच न्यायची. आमच्या निफाडकडे द्राक्षाच्या तोडणीला आम्ही मजुरी देतो हो! जावयाला म्हटलं हा शेतकरी हुशार आहे. पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताचे गठ्ठे टाकून माणशी पैसे घेऊन शेताला एक चक्कर मारतात, त्याला हेराइड म्हणतात. झाडं मात्र नाव घेण्यासारखी, बुटकी, फळ नातीच्या हाताशी. फळ ओढायचं नाही, वर उचलून हलकं पिरगाळायचं म्हणजे पुढच्या वर्षीचा डोळा मोडत नाही, हे तिथल्या पाटीवर चित्र काढून लिहिलेलं होतं, ते आवडलं. नात अडीच वर्षांची. तिने झाडाचं एक फळ तोडायचं, एक चावा घ्यायचा, “नाना हे” म्हणून मला द्यायचं की पुढचं झाड. सगळी उष्टी मी संपवली. रात्री जेवलो नाही.

स्नेहल_के :
नाना, माणशी पैसे!!! हसून हसून पुरेवाट. सायडर डोनट खाल्ले की नाही? दालचिनी-साखरेत घोळवलेले गरम गरम. आम्ही खरं तर त्यासाठीच जातो, सफरचंदं निमित्त.

नाशिककर_नाना :
खाल्ले. हिला डायबेटिस आहे म्हणून तिच्या वाटणीचेही खाल्ले.

सडेतोड :
भोंडला, हादगा, किल्ला हे सगळं सोडून पोरांना भुतंखेतं शिकवा. आणि आता पुण्यातल्या सोसायट्यांमध्येही हे फॅड आलंय. चालू द्या.

गोंयचो_पाव :
सडेतोड, भुतं आपल्याकडे कमी आहेत का? आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासूर उभे असतात, बांबू, गवत, कागद लावून दोन माणसांएवढे उंच, रात्रभर कानठळ्या बसतील असा आवाज, पहाटे कृष्ण येणार, जाळणार, मग घरी येऊन अंगठ्याखाली कारीट फोडायचं आणि तऱ्हेतऱ्हेचे फोव (पोहे) खायचे. आमचा बाबू दोन वर्षांचा असताना म्हापशाच्या बाजारात टांगलेले मुखवटे बघून माझ्या मानेला असा चिकटला की घरी येईस्तोवर सोडला नाही. नंतर आम्ही टोरांटोजवळ आलो, तर इथे दुकानात बॅटरीवर हलणारी, किंचाळणारी ध्यानं. मी मनात म्हटलं आता हा रडणार. तो शांतपणे एकेकासमोर उभा राहून मोठ्यांदा विचारतोय, “बाबा, ह्याका केन्ना जाळटले?” (ह्याला कधी जाळणार?) बरं झालं तिथे कोणाला कोंकणी येत नव्हती.

रमा_जर्सी :
गोंयचो_पाव, जिंकलात!

केतकी_पुणे :
सडेतोड, आमचीच सोसायटी ती :) पण खरं सांगू का, आमच्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये काळा पॉलिस्टर घालून पोरं घामाघूम, चेटकिणीची टोपी अर्ध्या तासात आईच्या हातात. लेक पावणेदोन वर्षांची, तिला काही कळत नव्हतं, ती लिफ्टची बटणं दाबून खूश. सासूबाई मात्र वैतागलेल्या, दारोदार मागायला काय शिकवताय म्हणून. मग त्यांच्याच लक्षात आलं की लहानपणी त्या साताऱ्यात आज कुणाकडे कुठली खिरापत म्हणून घरोघर भोंडल्याला फिरायच्या, आणि दसऱ्याला सोनं द्यायला जायचं ते वडीपेढ्यावर डोळा ठेवूनच. पुढच्या घरी त्या स्वतः बेल वाजवायला पुढे.

सडेतोड :
खिरापत ओळखायला डोकं लागतं. इथे नुसती पिशवी पुढे करायची.

सेंट_लुईसचा_संत :
आमच्या गावात या सडेतोड. सेंट लुईसला पोरांना जोक सांगितल्याशिवाय चॉकलेट देत नाहीत, जुनी प्रथा आहे. आमचे चिरंजीव तीन वर्षांचे होते, महिनाभर एक जोक पाठ करून घेतला, दारात गेल्यावर गडी नुसता हसत सुटायचा, जोक सांगायच्या आधीच. लोक पण हसायचे, दोन दोन चॉकलेटं मिळाली.

डब्लिनकर :
आयर्लंडहून हजेरी. हे मूळ आमचं बरं का, म्हणजे इथल्या लोकांचं :) भोपळा अमेरिकेतला, इथे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. क्रेशमध्ये लेकाच्या वर्गात एक सलगम बघायला ठेवला होता, भोपळ्यापेक्षा तोच भयाण दिसतो, वाळून सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचं तोंड. दारोदार फिरल्यावर शेजारच्या आजी भुईमुगाच्या शेंगा आणि संत्री देतात, त्यांच्या लहानपणापासूनची पद्धत. बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा ब्रेड मिळतो, त्यात अंगठी लपवलेली असते, जिला मिळेल तिचं लग्न लवकर. घरात बाळ असेल तर आधी अंगठी शोधून बाजूला काढा, मग खा.

अनु_डॅलस :
डब्लिनकर शेंगा वाचून धस्स झालं. आमच्या पिल्लूला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, या वर्षी पहिल्यांदाच चालत फिरेल, मला नुसतं टेन्शन आलंय. पिनट बटरवाली चॉकलेटं तर प्रत्येक वाडग्यात असतात. कोणी काय करतं?

चिंगीची_आई :
अनु, ज्या घराबाहेर हिरवट-निळा भोपळा दिसेल तिथे बिनधास्त जा, त्याचा अर्थ त्यांच्याकडे खाऊशिवाय दुसरं काहीतरी आहे, स्टिकर, बुडबुडे वगैरे. टील पम्पकिन म्हणतात, २०१४ पासून देशभर चाललंय. आणि तुझ्या शेजारच्या चारपाच घरी आधीच स्टिकरची पाकिटं नेऊन दे, आमच्या एका मैत्रिणीने असंच केलं होतं, पोराला वाटतं सगळ्यांनी मलाच दिलं. अ‍ॅलर्जी नसली तरी चार वर्षांखालच्यांना कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न नकोच, घशात अडकतं.

अनु_डॅलस :
हे भारी आहे गं, आजच आणते. थँक्यू थँक्यू.

मेलबर्न_मावशी :
तुमचा फॉल वाचून जळतेय. आमच्याकडे आत्ता वसंत, त्यात घड्याळ पुढे गेलेलं, साडेसातला पण लख्ख उजेड. भूत बनून आलेल्या पोराला सनस्क्रीन लावलंय. पानंबिनं काही नाहीत, आहेत ती झाडावर. आणि अर्धे शेजारी दारच उघडत नाहीत, त्यांना हे अमेरिकन खूळ वाटतं. सडेतोड, तुम्ही मेलबर्नला या.

फ्रीमाँटकर :
२०२४ ला दिवाळी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आलं होतं, ३१ ऑक्टोबर. दारात रांगोळी, आकाशकंदील, शेजारी भोपळा. बायको म्हणाली खाऊ संपला तर शंकरपाळ्यांच्या पुड्या देऊ. खाऊ संपला. एक डायनोसॉर परत आला, मागे त्याची आई ओशाळून उभी, म्हणे त्याला ते डायमंडवाले बिस्किट अजून हवेत. आमचा कुर्ता-पायजम्यात पूजेवरून तसाच उठून बाहेर पळालेला, त्याला सगळे विचारत होते तू कुठला राजपुत्र, आणि हा आपला नाव, वय, आडनाव सगळं सांगत सुटला.

मोबाइलवरून_मेघा :
वाचतेय सगळं, बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने टायपतेय. वाळक्या पानांच्या ढिगात पोराला सोडलं की अर्धा तास चहा पिता येतो एवढंच सांगायचं होतं. आणि घरी आल्यावर गोचीड बघा अंगावर, कानामागे खास.

सुगरण_नाही :
जाता जाता, उरलेल्या भोपळ्याचं काय करता? माझ्याकडे दोन मोठ्ठे आहेत, एक कोरलेला.

मीनल_ताई :
कोरून बाहेर ठेवलेला खाऊ नकोस, खारींना दे, त्या आधीच खात असतील. अख्खा आहे त्याची भाजी होईल पण तो कोरायचा भोपळा पाणचट असतो, चोथाही फार. घारगे करायचे तर छोटा शुगर पम्पकिन आण. किसून, गुळाबरोबर मंद शिजव, गार झाला की मीठ, वेलची, मावेल तेवढी कणीक, मूठभर तांदळाचं पीठ. पाणी अजिबात नाही. जाडसर थाप, वर खसखस, तळ. पोरांच्या हातात धरायला सोपे.

सुगरण_नाही :
ताई डब्यातला चालेल का? किसणं होणार नाही माझ्याच्याने.

मीनल_ताई :
चालेल, पण डब्यावर नुसतं पम्पकिन लिहिलेलं बघ. ‘पाय फिलिंग’ (पाय नावाच्या गोड पदार्थाचं सारण) लिहिलेला आणलास तर त्यात आधीच साखर आणि मसाला असतो. आणि तो पातळ असतो म्हणून गुळाबरोबर जरा जास्त आटव.

नाशिककर_नाना :
गूळ मिळतो का तिकडे चांगला? लेकीकडचा पिवळाधमक आहे, मला संशय आहे.

मीनल_ताई :
नाना, काळपट ढेप बघून घ्यायची. मिळते. फोडायला मात्र हातोडी लागते, माझी गॅरेजमध्ये आहे.