लिस्बनमध्ये वृद्धांची काळजी घेताना पोर्तुगीजमध्ये अदबीने कसं सांगायचं?

कोकणकन्या_लिस्बन
नमस्कार मंडळी, मी मूळची पेडण्याची, सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधी गोव्यातला त्यामुळे नवऱ्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि आम्ही इकडे आलो. आता मला एका लारमध्ये म्हणजे वृद्धाश्रमात काम मिळतंय. अ‍ॅपवर शिकलेलं थोडंफार येतं पण ते सगळं ब्राझीलचं, व्होसे-व्होसे (तू/तुम्ही) वालं. ऐंशी-नव्वदीच्या आजींना उठा, बसा, कूस बदला हे सांगताना उद्धट वाटायला नको. रोजची वाक्यं कोणी सांगाल का?

पोर्तोवासी
ताई, आधी ते व्होसे सोडा, इथल्या बऱ्याच वयस्कर लोकांना ते खटकतं. पुरुषांना उ सेन्योर, बायकांना आ सेन्योरा म्हणायचं, नाहीतर नावाआधी दोना, जसं दोना मारिया. आणि क्रियापद अहो-जाहोचं घ्यायचं. सेंता-त म्हणजे बस, सेंत-स म्हणजे बसा. शेवटी आर असलेल्या क्रियापदाला ए लागतो, एर-इर वाल्यांना आ, म्हणून बेबेरचं बेबा, आब्रीरचं आब्रा. काही वाकडी आहेत ती पाठच करा: व्हेन्या कोमिगु (माझ्याबरोबर या), दे-म आ मांव (हात द्या), आणि कपडे घालताना सारखं लागणारं पोन्या उ ब्रासु आकी (हात इथे घाला). बाकी लव्हांत-स (उठा), वीर-स पारा मीं (माझ्याकडे वळा), आब्रा आ बोका (तोंड उघडा), बेबा उं बुकादीन्यु (थोडंसं प्या). शेवटचा ए इथे जवळजवळ गिळतात म्हणून तसं लिहिलंय. मागे स फाश फव्होर (कृपया) लावलं की झालं.

नर्स_सातारा
वरचं बरोबर आहे पण माझ्या मते नुसत्या आज्ञेपेक्षा विचारणं जास्त चांगलं, पोद सेंतार-स? म्हणजे बसता का? किंवा व्हामुश लव्हांतार? उठूया का? आणि अंगाला हात लावायच्या आधी कों लिसेंसा (परवानगी असावी) म्हणायचंच, मग काय करणार ते सांगायचं, व्हो लव्हार-ल्य आ कारा, तुमचा चेहरा धुते, आणि त्यांनी मान हलवेपर्यंत थांबायचं. स्मृतिभ्रंश असेल तर एका वेळी एकच गोष्ट, समोर येऊन, डोळ्यात बघून. कळलं नाही तर आवाज चढवायचा नाही, तेच वाक्य परत सावकाश म्हणायचं. दुखतंय का विचारायला ओंद ए क ल्य दॉय? हे पहिल्या दिवशीच यायला हवं. आणि लाडे-लाडे बोलणं मला अजिबात पटत नाही, ती मोठी माणसं आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलं तरच तू म्हणा.

कोकणकन्या_लिस्बन
खूप आभार दोघांचे! आणि कोणी आधाराशिवाय उठायला लागलं, पडायची भीती आहे, तर पटकन काय म्हणू?

पोर्तोवासी
नांव स लव्हांत म्हणजे उठू नका, यात तो स पुढे येतो हे लक्षात ठेवा. पण नुसतं नको म्हटलं की माणूस चिडतो, म्हणून मी श्पेर उं बुकादीन्यु, ज़ा व्हो म्हणतो, जरा थांबा, आलोच, आणि बोलता बोलताच जवळ जातो. हो, आणि इथे स्थलांतरितांसाठी पोर्तुगेश लिंग्वा द आकुल्यिमेंतु नावाचे सरकारी मोफत वर्ग असतात, जवळच्या शाळेत चौकशी करा. तिथल्या बाईंना ही वाक्यं म्हणायला सांगून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, मी लिहिलेल्या देवनागरीवरून उच्चार अर्धाच कळेल.