तीन ओळी पुरतात

‘बाबांना बोलतानाच शब्द सापडत नाहीत, ते कविता कशी लिहिणार?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. माझा मोठा भाऊ देवगडला आंबे काढताना कलमावरून पडला. डोक्याला डाव्या बाजूला मार. समोरच्याचं सगळं कळायचं, पण ‘पाणी’ म्हणायलाही घाम फुटायचा. आरतीत मात्र अख्खी कडवी म्हणायचा! (बहुतेकांच्या मेंदूत भाषेची केंद्रं डावीकडे असतात, गाण्याला उजवी बाजूही हात देते.) त्याच लयीला धरून तो वहीकडे वळला. उजवा हात लुळा, म्हणून डाव्या हाताने, दिवसाला एखादी ओळ, आमच्या मालवणीत (थंय म्हणजे तिथे, हंय म्हणजे इथे):

कलम थंय.
मी हंय.
मधी वारो.

वहिनी वाचून रडली. वर्षभर आम्ही त्याला ‘आता बरं वाटतंय ना?’ विचारत होतो, त्याचं खरं उत्तर हे होतं.

स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांचं बोलणंही १९९० च्या पक्षाघाताने जवळजवळ थांबलं होतं. पुढे ते हायकू, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या कविता, लिहीत राहिले, २०११ मध्ये नोबेल मिळालं.

बाबांकडे पूर्ण वाक्याचा आग्रह धरू नका. व्याकरण तर मुळीच दुरुस्त करू नका. मालवणीत सुचलं तर मालवणीतच राहू दे.