ॲनिमेचं छापील नियतकालिक पुन्हा काढायचंय: किती पानं, किती प्रती, कोणत्या रूपात?

मधलंपान

ॲनिमेवरचं, म्हणजे जपानी ॲनिमेशनवरचं, एक छोटं मराठी नियतकालिक काही वर्षांपूर्वी बंद पडलं. मूळ चालकांच्या संमतीने ते पुन्हा छापील रूपात काढायचं ठरतंय. आराखडा असा: त्रैमासिक, जानेवारी-एप्रिल-जुलै-ऑक्टोबर, म्हणजे जपानमधल्या नव्या मालिकांच्या हंगामांच्या जोडीने. ए-फोर आकार, 64 पानं, सगळी रंगीत, 130 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट पेपर, 500 प्रती. छपाई पुण्यात, वितरण बहुतेक टपालाने आणि थोडं पुस्तकांच्या दुकानांतून. मजकुरात हंगामाची ओळख, परीक्षणं, एक दीर्घ लेख आणि मधोमध पोस्टर.

छपाईचा खर्च कुठे कमी करता येईल, मालिकांतली चित्रं किती आणि कशी वापरता येतात, नोंदणीचं काय, आणि मुळात त्रैमासिक काढणं शहाणपणाचं आहे का, हे जाणकारांनी सांगावं.

जुनेअंक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर ठरतील.

इंग्रजीतली ॲनिमे मासिकं वाचक आटले म्हणून बंद पडली असं सरसकट म्हटलं जातं. खरं तर आधी जाहिरातदार आटले. 'न्यूटाइप यूएसए' घ्या. कादोकावा या प्रकाशकाच्या जपानी 'न्यूटाइप'ची ही अमेरिकन आवृत्ती ह्यूस्टनच्या ए. डी. व्हिजन या ॲनिमे डीव्हीडी कंपनीने नोव्हेंबर 2002 मध्ये सुरू केली. अंकासोबत डीव्हीडी असायची, पोस्टर असायचं, जाहिराती मुख्यतः डीव्हीडी कंपन्यांच्या. मग जानेवारी 2006 मध्ये म्युझिकलँड ही दुकानसाखळी दिवाळखोरीत गेली. सनकोस्ट आणि सॅम गुडी ही ॲनिमे डीव्हीडी विकणारी दुकानं तिचीच. सप्टेंबर 2007 मध्ये जेनिऑनने अमेरिकेतला आपला डीव्हीडी वितरणाचा कारभार थांबवला. फेब्रुवारी 2008 चा 'न्यूटाइप यूएसए'चा अंक शेवटचा. त्याच संस्थेने लगेच 'पिक' काढलं. त्यात गेम्स, कॉमिक्स, गॅजेट्स असं सगळं घेतलं, वाचक वाढेल या हिशेबाने. चार अंकांत तेही संपलं. विषय पसरवला की जुना वाचक दुरावतो, आणि नव्याला त्या विषयांची आधीपासून चाललेली मासिकं असतात. व्हिज या प्रकाशकाचं 'ॲनिमेरिका' तर 2005 मध्येच थांबलं होतं.

यातून तुमच्यासाठी निघतं ते असं. हंगामाची ओळख हा छापील अंकाचा कणा करू नका. जुलैच्या मालिकांची माहिती तुम्ही मेमध्ये लिहिणार, अंक छापून टपालाने पोचेपर्यंत त्या मालिकांचे तीन-चार भाग लोकांनी पाहिलेले असतील. ते एका पानात उरका. छापील अंक टिकतो तो दुसरीकडे न मिळणाऱ्या मजकुरावर. तोकुमा शोतेन या जपानी प्रकाशकाचं 'ॲनिमेज' मासिक 1978 पासून निघतंय. त्यात हायाओ मियाझाकी यांची 'नौसिका' ही मांगा (जपानी चित्रकथा) 1982 ते 1994, मधे मोठे खंड घेत, क्रमशः आली, आणि तिच्यावरचा चित्रपट 1984 मध्ये. नुसत्या बातम्या देणाऱ्या मासिकाच्या हातून हे घडलं नसतं. पार्श्वभूमी-चित्रण, की-ॲनिमेशन (हालचालीतली मुख्य चित्रं), संवादलेखन, मराठी चित्रकारांची मूळ चित्रकथा यांवर पानं खर्च करा.

आणि मराठीत याला तयार साचा आहे: दिवाळी अंक. वर्षातून एकदाच, आगाऊ नोंदणी, जाडजूड, जपून ठेवायचा. जाहिरातदारालाही तो प्रकार समजावून सांगावा लागत नाही. त्रैमासिकात चार वेळा पैसे अडकतात, आणि पहिल्या अंकाची दुकानातली वसुली तिसऱ्या अंकाच्या आधी क्वचितच होते. माझं मत ठाम आहे, पहिली दोन वर्षं वार्षिक काढा.

सोळापानी

छपाईबद्दल. आधी आकार बदला. बाजारात सहज मिळणारा कागद 23×36 इंची. त्याचे एका बाजूला आठ भाग केले तर प्रत्येक भाग 9×11.5 इंच येतो. ए-फोरची उंची 11.69 इंच, म्हणजे कटिंग सोडाच, मूळ पानही बसत नाही. ए-फोरच हवा तर 25×36 घ्यावा लागतो. त्याऐवजी कापून 8.5×11 इंच ठेवा, वाचकाला फरक जाणवत नाही. दिवाळी अंकासारखा 7.25×9.5 हवा असेल तर 20×30 चा कागद.

64 पानं म्हणजे 16 पानी चार फॉर्म. फॉर्म म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून दुमडलेला एक ताव. 500 प्रतींना प्रत्येक फॉर्मचे 500 ताव, वर मशीन जुळवताना जाणारे शंभर-सव्वाशे. एकूण 2,500 ताव धरा, म्हणजे 5 रीम. 90 जीएसएमला 23×36 ची रीम साधारण 24 किलो भरते, तर कागद 120 किलो. प्रेसवाल्याने कोटेशनमध्ये किती किलो लावलाय ते याच्याशी ताडून पाहा.

सगळं रंगीत छापायचं तर एका शाईला एक प्लेट, म्हणजे प्रत्येक फॉर्मला दोन्ही बाजूंच्या मिळून 8 प्लेट, एकूण 32, कव्हर वेगळं. दोन फॉर्म रंगीत आणि दोन एकरंगी केले तर 20 प्लेट. पण सेंटर पिनमध्ये, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या बांधणीत, फॉर्म एकात एक बसतात, त्यामुळे रंगीत पानं कुठेही मागता येत नाहीत. पहिला फॉर्म म्हणजे पानं 1–8 आणि 57–64, दुसरा 9–16 आणि 49–56, तिसरा 17–24 आणि 41–48, चौथा 25–40. पहिला आणि चौथा रंगीत ठेवा. पोस्टर 32–33 वर येईल, तिथे ते अखंड तावावर छापलं जातं आणि पिना सोडवून काढता येतं. लेखांची मांडणी या हिशेबाने आधी आखा. पानं लावून झाल्यावर फॉर्म मोजायला बसलात तर रंगीत चित्रांचा लेख हमखास एकरंगी फॉर्ममध्ये सापडतो.

130 जीएसएम नको. मोजून पाहा: 8.5×11 ची 32 पानपत्रं 90 जीएसएमला सुमारे 174 ग्रॅम, 250 जीएसएमचं कव्हर 30 ग्रॅम, एकूण 205 च्या आसपास. 130 ला तेच 280 होतं आणि पाकीट धरून 300 ओलांडतं. शिवाय जाड कागदाचा 64 पानी अंक पिनेवर मिटून राहत नाही, फुगतो. पातळ कागदातही आतली पानं मिलीमीटर-दीड मिलीमीटर बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये कापली जातात, म्हणून पानाचे आकडे कडेपासून किमान 8 मिमी आत ठेवा.

कव्हरच्या घडीवर गडद शाई तडकते. कागदाचा धागा घडीला समांतर घ्यायला सांगा, क्रीज मारूनच दुमडायचं, वर मॅट लॅमिनेशन.

300 प्रतींच्या आत असाल तर ऑफसेट साधारणपणे परवडत नाही, डिजिटलवर छापा.

मधलंपान

@सोळापानी, फॉर्मचा हिशेब फारच उपयोगी पडला. चित्रं भागांतूनच स्क्रीनशॉट काढून घ्यायचा विचार होता. पूर्ण पानभर चालतील का? आणि रात्रीची दृश्यं पूर्वीच्या अंकांत काळीठिक्कर यायची, ती कशाने?

सोळापानी

पूर्ण पानाला नाही चालत. 1920×1080 चं चित्र 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) 6.4×3.6 इंच होतं, तेवढ्यालाच वापरा. ब्लीडसकट (कटिंगमध्ये जाणारी कड धरून) 8.75×11.25 इंचांच्या पानाला 2625×3375 पिक्सेल लागतात. आडवं चित्र उभ्या पानावर ताणलं की उंचीत 96 पीपीआयच उरतं, आणि ॲनिमेच्या रेषा धारदार असल्यामुळे फाटलेली कड फोटोपेक्षा लवकर डोळ्यात भरते.

काळेपणाचं कारण बहुधा एकूण शाई. रात्रीचं दृश्य आरजीबीतून (पडद्यावरचे रंग) नुसतंच सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया) बदललं की चारही शाया मिळून 320–340 टक्क्यांवर जातात. आर्ट पेपरला 300 आणि मॅपलिथोला (लेप नसलेला साधा कागद) 260–280 ही मर्यादा घालून रूपांतर करा, नाहीतर बारकावे बुजतात, शाई वाळत नाही आणि पुढच्या तावाच्या पाठीला लागते. रूपांतराआधी सावलीचा भाग थोडा उजळून घ्या. मोठ्या काळ्या पट्ट्यांना सायन 40, मजेंटा 30, पिवळा 30, काळा 100. मजकूर मात्र फक्त काळ्याने, 100 टक्के. चकचकीत गुलाबी केस आणि निऑन निळा रंग चार शायांत येतच नाही, त्याची तयारी ठेवा. मांगाची पानं स्कॅन करणार असाल तर 1200 पीपीआय, निव्वळ काळं-पांढरं, आणि लहान-मोठं करू नका. करड्या छटा दाखवणाऱ्या ठिपक्यांत नक्षी उमटते ती आकार बदलल्यानेच.

कलम52

चित्रं आणि नोंदणी.

कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52(1)(अ) मध्ये समीक्षा, परीक्षण आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराला मुभा आहे. परीक्षणाच्या पानात, ज्या दृश्याबद्दल लिहिलंय त्याचं छोटं चित्र, हक्कधारकाच्या नावासकट, हे त्यात बसवता येतं. कव्हर, पोस्टर, स्टिकर यांना ती ढाल नाही, कारण तिथे चित्र हाच विकायचा माल असतो. म्हणून पोस्टर आणि कव्हर एकतर रीतसर परवानगीने, नाहीतर चित्रकाराकडून लेखी करार करून घेतलेलं पूर्णपणे मूळ चित्र. कुणी काढलेलं फॅन-आर्ट हे मूळ चित्र नव्हे. पात्राचे हक्क जपानमध्येच राहतात.

परवानगी मागताना भारतातला परवानाधारक कोण ते आधी शोधा आणि प्रसिद्धीसाठीची चित्रं मागा. बहुतेक मालिकांमागे निर्मिती समिती असते: प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी असे अनेक भागीदार. प्रत्येक चित्राला, कित्येकदा पानाच्या मांडणीलाही, त्यांची मंजुरी लागते. दीड-दोन महिने हाताशी ठेवा. © ची ओळ ते देतील तशीच्या तशी छापायची, तिचं मराठी भाषांतर करायचं नाही.

नोंदणी: 1 मार्च 2024 पासून 1867 च्या जुन्या कायद्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा 2023 लागू आहे. नियमित अंतराने निघणारं, सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेलं प्रकाशन त्यात येतं, अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर. जुनं नाव नोंदलेलं असेल तर तोंडी संमती पुरणार नाही, मालकीचं हस्तांतर कागदावर आणा. वार्षिक संग्रह पुस्तक म्हणून काढला तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) घ्या, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो मोफत मिळतो.

दंत्यतालव्य

भाषेकडे कुणी वळलं नाही, म्हणून. पहिला मजकूर लावण्याआधी नावांची एक यादी करा. जपानी नावं मराठीत लिहिताना घोळ च आणि ज चा होतो, कारण आपल्याकडे दोन्हींचे दोन उच्चार. 'जंप' मधला ज 'जर'सारखा वाचायचा की 'जनता'सारखा, हे लिपी सांगत नाही. नियम ठरवा: तालव्य उच्चार दाखवायला च्या, ज्या, 'त्सु'ला त्सु, 'झा'ला झा. दीर्घ ओ दाखवायला 'ओउ' लिहू नका, 'शोनेन', 'तोक्यो' असंच सुटसुटीत. मात्र 'टोकियो' सारखं रुळलेलं रूप ठेवायचं की नाही हे एकदाच ठरवा. इंग्रजी उपशीर्षकांवरून नावं उतरवू नका, काना ही जपानी उच्चारलिपी पाहून उतरवा.

मांडणीत युनिकोड फाँट, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, आणि मजकुराची भाषा मराठी निवडा. नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. दुसऱ्या, चेहऱ्यावर यांतला ऱ्या प्रूफमध्ये मुद्दाम पाहा. प्रेसला पीडीएफ दिल्यावर ती कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू नका असं लिहूनच द्या. तिथे उघडली की वेलांट्या आणि रफार जागा सोडतात, आणि ते प्लेट निघाल्यावर कळतं.

सोळापानी

वजनावर एवढा भर का दिला ते राहिलं. मे 2025 पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही सेवा आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, वर कर. पण ती पुस्तकांसाठी आहे. नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं त्यात चालत नाहीत, प्रकाशकाचं वा मुद्रकाचं नाव छापलेलं लागतं. म्हणजे आयएसबीएन घेतलेला, जाहिरातीविना काढलेला संग्रह त्यातून पाठवायला वाव आहे, तरी एक नमुना प्रत घेऊन आधी टपाल कार्यालयात विचारा. जाहिराती घेणार असाल तर टपालखर्च वेगळा धरा. आधी दोन्ही बाजूंचे आकडे मांडा: पाचशे प्रतींच्या टपालातला फरक आणि मिळू शकणाऱ्या जाहिरातींचे पैसे. दोन-तीन पानांच्याच जाहिराती मिळणार असतील तर त्या न घेतलेल्या बऱ्या.