चिनी मातीच्या डायलवर देवनागरी आकडे: जमेल का?

कोथरूडचा_काटा

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं जुनी एचएमटी उघडायची, पुसायची, परत बसवायची असा नाद आहे. आता स्वतःचं एक घड्याळ जुळवायचंय. आतलं मशीन ठरलंय: सी-गल या चिनी कंपनीचं एसटी ३६, चावीचं, सेकंदाचा छोटा काटा सहावर. डायल मात्र पांढऱ्या पोर्सेलीनची हवी, त्यावर निळे देवनागरी आकडे, तेही चीनमधल्या जिंगदेझेनला, म्हणजे चिनी मातीच्या गावाला, हाताने काढून घेतलेले. एचएमटी जनताची देवनागरी डायल लहानपणी काकांच्या मनगटावर पाहिली तेव्हापासून डोक्यात बसलंय.

तिथल्या एका कारागिराशी मेसेजवर बोलणं चालू आहे. तो म्हणतो, पन्नास नग घ्या. मी पन्नास काय करू, मुंजीत वाटू?

शिवाय, माझ्याकडे एक खिशातलं घड्याळ आहे, ‘पोर्सेलीन डायल’ सांगून विकलेलं. त्याच्या सहाजवळ टवका उडालाय आणि आत चक्क तांबं दिसतंय. मातीत तांबं कुठून आलं? आणि एक मित्र म्हणतो आकडे नकोतच, चिन्यांचे ते बारा प्राणी काढून घे, उंदीर, बैल, वाघ वगैरे. काय वाटतं?

मीनाबाजार

तांबं दिसलं म्हणजे ती माती नव्हेच, मीना आहे. तांब्याच्या चकतीवर काचेची पूड चाळायची, ८०० अंशांच्या आसपास भाजायची, की ती वितळून गुळगुळीत काच होते. मग दुसरा थर, तिसरा थर. आजीकडचं पांढरं, निळ्या काठाचं पातेलं आठवा. तेच काम, फक्त खाली लोखंडी पत्रा. बाजारात याला सर्रास पोर्सेलीन म्हणतात, आणि दर वेळी फसवायलाच म्हणतात असं नाही, भलेभले संग्राहकही तसंच म्हणतात.

गंमत सांगतो. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या फ्ल्यूरिए गावात खास चीनच्या बाजारासाठी घड्याळं बनायची, बोव्हे हे त्यातलं मोठं नाव. बऱ्याचदा जोडीने विकली जायची. त्यांच्याही डायली मीन्याच्याच, आणि वर आकडे रोमन! गिऱ्हाईक चिनी आणि चिनी मातीचा पत्ता नाही.

तुमचा टवका तसाच राहू द्या. रेझिन भरून ‘नवं करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात घड्याळ देऊ नका.

अंबड_टूलरूम

उशिरा बघितला धागा. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं नानछांगला होतो. जिंगदेझेन त्याच प्रांतात, ज्यांगशीत. सुट्टी मिळाली की तिकडे पळायचो. त्या गावात रस्त्यावरचे दिव्याचे खांबसुद्धा निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे आहेत, म्हणजे बघा. आणि तुमचा हट्ट मीही केलेला आहे, तेच मशीन, तेच देवनागरी. बारा चकत्या सांगितल्या, सात वाकल्या, एक तडकली. उरलेल्या चारांपैकी घड्याळात बसली ती एक. तेव्हा ही कहाणी फुकट ऐका.

पहिलं दुखणं आकसण्याचं. तिथली माती म्हणजे काओलिन ही पांढरी माती आणि कुटलेला दगड. काओलिन हे नावच जवळच्या काओलिंग गावावरून पडलंय. भट्टी १३०० अंशांच्या घरात जाते आणि चकती सगळीकडून आत ओढली जाते. मला सोळा टक्के सांगितलं होतं. म्हणजे ३६.५ मिमीची डायल हवी तर कच्ची ४३.५ ची कापायची. पण पंधरा आकसली तर ती ३७ ला जाते आणि सतरा आकसली तर ३६.१ ला येते. आम्ही ०.०२ मिमीसाठी सुपरवायझरशी भांडणारी माणसं. कारागिराला टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल ते, विचारला, तर त्याने हसून माझ्या कपात चहा ओतला. शेवटी मोठीच भाजून घेतली आणि कड हिऱ्याच्या चाकावर घासली. मधलं भोकही नंतरच पाडा, कच्च्यात पाडलेलं लंबगोल होतं. पितळी डायलला मागे पाय असतात, मातीला ते लावणार कुठे? पातळ पितळी चकतीला पाय लावून त्यावर ही चिकटवावी लागते. सगळं मिळून माझी जाडी दीड मिमी झाली आणि काटे बसवायला वर जागाच उरली नाही. तेव्हा उंच दांड्याची मशीन मिळते का ते ऑर्डर देण्याआधी बघा.

आता आकडे. खरी मजा इथे आहे.

निळ्या-पांढऱ्या कामात रंग न भाजलेल्या मातीवर लावतात, वर झिलई, म्हणजे काचेसारखा पारदर्शक थर, मग एकच भट्टी. हा निळा रंग कोबाल्टचा, पण लावताना निळा दिसतच नाही, काळपट राखाडी दिसतो. कोरडी माती ब्रशमधलं पाणी शोषून घेते, टीपकागदावर शाई पडावी तशी. हात थबकला की डाग, आणि खोडायची सोय नाही. भट्टीत तो रंग झिलईत किंचित पसरतो. फुलदाणीवरच्या वेलीला हे पसरणं शोभतं. अडीच मिमीच्या आकड्याला शोभत नाही.

चिनी आकडे यातून सहीसलामत सुटतात. एक म्हणजे आडवी रेघ, दोनला दोन, तीनला तीन, दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. पसरून पसरून काय बिघडणार? आपले आकडे मात्र गाठीचे. माझ्या डायलवर ४ ची गाठ भरून आली आणि तिथे नुसता थेंब उरला. ९ चं तेच. ७ तेवढा सुंदर आला, आजही बघत बसावा असा.

त्यात त्यांनी चकती फिरवत फिरवत आकडे काढले, त्यामुळे सगळ्यांचे पाय मध्याकडे. रोमन आकड्यांत हे चालून जातं. माझ्याकडे सहावरचा ६ उलटा होऊन ३ चा चुलतभाऊ दिसायला लागला. रागावणार कोणावर? नकाशात दिशा मीच दाखवली नव्हती आणि आकडे काढणाऱ्या बाईंनी देवनागरी जन्मात पाहिली नव्हती. ही चूक जुनी आहे. मलाक्काचा पोर्तुगीज कप्तान पेरो द फारिया याच्या नावाचा, १५४१ साल घातलेला एक चिनी वाडगा पोर्तुगालमध्ये बेजाच्या संग्रहालयात आहे. त्यावरचा पोर्तुगीज मजकूर चितारणाऱ्याने उलटा काढलाय, खाली डोकं वर पाय. मला तो वाडगा कळल्यावर माझ्या ६ चं दुःख निम्मं झालं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून करून घ्याच, मिनिटांचं वर्तुळ. १७१२ साली दांत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने तिथलं काम पाहून पत्र लिहिलं होतं. एक माणूस फक्त काठाखालची पहिली रंगीत रेघ ओढतो, दुसरा फुलांची बाह्यरेषा, तिसरा त्यात रंग भरतो. मी पाहिलेल्या कारखान्यातही रेघवाला वेगळाच होता. ब्रश हवेत स्थिर, खाली चाक फिरतंय, आणि दोन रेघा एकमेकींपासून केसभर अंतरावर. आमच्या संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला लाज वाटावी.

तेव्हा माझा सल्ला: वर्तुळ झिलईखाली, आकडे झिलईवर. भाजून आलेल्या चकतीवर आकडे काढायचे आणि पुन्हा ८०० अंशांच्या आसपास भाजायचे. चुकलं तर भट्टीआधी पुसता येतं, आकसण्याचा हिशेबही संपलेला असतो. नख फिरवलं तर आकडा हाताला किंचित लागतो, तो लागू द्या. पन्नास नगांना नाही म्हणा. दहा सांगा, पण भट्टीत वाया गेलेल्या धरून दहाचेही पैसे द्या. वाकलेल्या चकत्यांत त्याचा काही दोष नसतो.

आणि ते प्राणी कृपा करून नको. चिनी जुन्या कालगणनेत दिवसाचे प्रहर बारा, प्रत्येकी दोन तासांचा. उंदराचा रात्री अकरा ते एक. भर दुपार घोड्याची, त्याचं अक्षर ‘वू’, आजही तिथे सकाळला शांगवू आणि दुपारनंतरच्या वेळेला श्यावू म्हणतात ते त्यावरूनच. तुमचा काटा बारा तासांत फेरा मारणार, म्हणजे दुपारी बाराला जेवायच्या वेळी तो उंदरावर, मध्यरात्रीच्या खुणेवर. चिनी पाहुणा आला तर काय सांगाल?

चाकावरची_वसई

मी स्वतः माती कालवते, म्हणून मध्ये तोंड घालते. झिलईवरचे आकडे सोयीचे खरे, पण मग ती निळ्याची खोली जाते. झिलईखालचा निळा पाण्याच्या तळाशी असल्यासारखा दिसतो, वरचा नुसता चिकटवल्यासारखा. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत, एकदा काचेला नाक लावून बघा. मग ठरवा.

मधला मार्ग: आकडा कच्च्या मातीत बारीक कोरायचा, खाचेत कोबाल्ट भरायचा, वरचा पुसून घ्यायचा. रंग खाचेत अडकून राहतो, कमी पसरतो. मी कपांवर नावं अशीच घालते.

अंबड_टूलरूम

कपावर ठीक आहे हो ताई. अडीच मिमीचा ४ कोरून दाखवा, वसईला येऊन चहा पाजतो. पण खोलीबद्दल तुमचं म्हणणं खोटं नाही. माझ्या त्या एकुलत्या एका डायलवर झिलईखालचं वर्तुळ आणि झिलईवरचे आकडे शेजारी असते तर फरक दिसलाच असता.

चाकावरची_वसई

मोठा आकडा कोरा ना मग. बाराच्या बारा हवेतच कशाला?

कोथरूडचा_काटा

हे वाचून डोक्यात प्रकाश पडला. सहावर तसाही सेकंदाचा काटा आहे. म्हणून फक्त १२, ३ आणि ९ ठेवतोय, साडेचार मिमी उंच, सगळे सरळ उभे. बाकी जागी ठिपके. ४ ची कटकटच गेली, ९ ची गाठ उघडी ठेवलीय. आकडे कोरून भरलेले, वर्तुळ रेघवाल्याकडून, दोन्ही झिलईखाली. दहा नगांना कारागीर हो म्हणाला, पैसे दहाचेच देणार. प्राणीवाल्या मित्राला घोडा आणि उंदीर समजावून सांगितला, तो रुसलाय.

चित्रावर ‘वर’ म्हणून बाण काढला, चारही बाजूंना. मग लक्षात आलं की चारही बाजूंना ‘वर’ काढून उपयोग नाही, तीन खोडले.

काल सोळा टक्क्यांच्या हिशेबाने चित्र ११९ टक्क्यांना वाढवून आणायला गेलो. झेरॉक्सवाला म्हणतो, “काका, एकशेवीस करू का, राउंड फिगर?”