अनुभव धागा: पैसे न देता घेतलेलं, पैसे न घेता दिलेलं गाणं

सारंगी:
गाणं फुकट उतरवून घेणं ही चोरी का, असं विचारलं की निम्मे लोक कायदा सांगतात आणि निम्मे 'सगळेच करतात' म्हणून मोकळे होतात. मला इथे मतांपेक्षा अनुभव हवेत. तुम्ही गाता, वाजवता, विकता, जमवता की नुसतं ऐकता, जिथे उभे आहात तिथून लिहा.

सुरुवात मी करते. मी शास्त्रीय गाणं शिकवते. राग कानात बसावा म्हणून मुलांना जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणं पाठवते. त्यातली काही आज दुकानात नाहीत आणि कुठल्या ॲपवरही नाहीत. ती पाठवताना मला काही वाटत नाही. मध्यंतरी एका पालकांनी मात्र हल्लीच्या एका गायिकेचा अल्बम मागितला. "बाई, तुमच्याकडे आहेच की, द्या पाठवून." तो अल्बम त्या गायिकेने पदरचे पैसे घालून काढलाय. मी नाही म्हटलं, कुठे विकत मिळतो ते सांगितलं. पालक नाराज झाले. होऊ देत.

माणदेशी:
आमचं तालुक्याला एसटी स्टँडसमोर मोबाइलचं दुकान. काचेवर पाटी होती, 'गाणी भरून मिळतील'. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसायची. पुढचे पाच-सहा महिने ही माणसं फडात राहणार, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ना टीव्ही ना टेप. मेमरी कार्ड पुढे करायची आणि सांगायची, "भक्तिगीतं येगळी भर दादा, म्हातारीला लागत्यात." लावण्या, भारुडं, कीर्तनं, ट्रॅक्टरवर लावायला डीजेची गाणी. पैसे आम्ही भरण्याचे घ्यायचो. गाणाऱ्यापर्यंत त्यातला रुपयासुद्धा जात नव्हता.

आमच्याच भागातला एक लोकगीतं गाणारा दुकानात बसायला यायचा. त्याची गाणी भरू का, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "बिनधास्त भर. फक्त फायलीवरचं माझं नाव पुसू नको." कंपनीने त्याला एकदाच रक्कम दिली होती. पुढे कॅसेटी किती खपल्या याच्याशी त्याचा संबंध संपलेला. घर चालायचं ते जत्रांच्या सुपाऱ्यांवर, आणि सुपाऱ्या यायच्या गाणं गावोगाव वाजलं म्हणून. अडचण अशी की बहुतेक फायलींवर गायकाच्या जागी गाणी चढवणाऱ्या संकेतस्थळाचं नाव असायचं. मग मी त्याची सगळी गाणी काढून प्रत्येकावर नाव घातलं. २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरायला कुणी येईना.

समेवर:
तुमच्या गायकाला सुपाऱ्या तरी होत्या. मी मुंबईत स्टुडिओत ढोलकी-तबला वाजवत आलोय. शिफ्टचे पैसे हातात पडले की विषय संपला. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले, आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून घेता येणार नाही असं ठरलं. मोठी गोष्ट झाली. पण मागे बसलेल्या ढोलकीवाल्याच्या घरी त्यानंतर चेक आला, असं मी तरी पाहिलं नाही.

"कंपन्या गडगंज आहेत, त्यांचं काय बुडतं?" हे वाक्य मी लग्नांत, ट्रेनमध्ये, नातेवाइकांत ऐकलंय. कंपनीचं बुडलं की ती पहिल्यांदा काय करते, हे आम्ही पाहिलंय. मराठी भावगीतांच्या, भक्तिगीतांच्या अल्बमला आधी व्हायोलिन, बासरी, मेंडोलिन, तालवाद्यांची अख्खी फळी बसायची. सीडीचा खप आटला तशी ही फळी विरळ होत गेली, शेवटी एक कीबोर्डवाला उरला. सगळं खापर कॉपी करणाऱ्यांवर फोडत नाही, यंत्रानेही कामं खाल्लीच असती. पण बजेट कापताना स्टुडिओत आम्हाला कारण हेच सांगायचे, "माल बाहेर फुकट मिळतोय."

निळी पहाट:
आमच्या वस्तीत हा प्रश्नच वेगळा होता. वडील गायन पार्टीत कोरसला असायचे. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांनी वह्यांत उतरवून घेतली होती आणि त्या वह्या एका गावातून दुसऱ्या गावात फिरायच्या. वही मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा नियम. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेब या गाण्यांतून पोचले. त्यावर कुणी पैसे मागितले असते तर चळवळ तिथेच अडली असती. म्हणून 'गाणं वाटणं म्हणजे चोरी' हे सरसकट विधान मला मान्य नाही.

माणदेशींनी नावाचं लिहिलं ते मात्र पटलं. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. वही कितीही हातांतून गेली तरी कवी सोबत राहतो. फुकट वाटलं तरी हे एवढं राखता येतं.

दुसरी बाजूही लिहिते. ६ डिसेंबरला दादरला, चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांसोबत भीमगीतांच्या कॅसेटी, पुढे सीडी मांडलेल्या असत. कधी मूळ आणि नकली शेजारीशेजारी. नकली विकणारा चळवळ करत नव्हता, धंदा करत होता. वडील कव्हरवर गायकाचा फोटो आणि कंपनीचं नाव बघून, दहा रुपये जास्त देऊन मूळच घ्यायचे. वही फुकट देणारा माणूस तो हाच.

दूरदेशी:
२००३ला मी अमेरिकेत विद्यापीठाच्या वसतिगृहात होते. त्या सप्टेंबरात तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने २६१ सामान्य लोकांवर दावे लावले आणि खोल्याखोल्यांतून संगणक पुसले गेले. पण मराठी गाण्यांसाठी आमच्यापुढे निवडच नव्हती. विकत कुठे घेणार? पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेत लोणच्याशेजारी सीडी असायच्या, त्या मंडळात फिरायच्या. आज दोन ॲपचे पैसे भरते. तरी जुनी नाट्यगीतं, आकाशवाणीवर ऐकलेली भावगीतं शोधायला गेले की निम्मी सापडत नाहीत. पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या ऐकणाऱ्याला माल मिळत नसेल, तर दोष त्याच्या पदरात टाकू नये.

अबोली, मडगाव:
आमच्याकडे तियात्रात, म्हणजे कोकणी संगीत नाटकात, पडदा उघडण्याआधी विनंती होते, मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. तरी दुसऱ्या दिवशी कांतारां (त्यातली गाणी) व्हॉट्सॲपवर फिरतात, आखातातले नातेवाईक मागतात. तियात्राचं पोट तिकिटावर आहे. गाणं आणि त्यातला विनोद आधीच ऐकलेला असेल तर पुढच्या खेळाला कोण येणार? मी आलेलं पुढे पाठवत नाही, मावशी रुसली तरी.

वकिलीण:
थोडा कायदा, कारण खाली विचारणा होईलच. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवर आज कुणाचाही हक्क नाही, खुशाल ऐका आणि द्या. शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा, निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७मध्ये गेले म्हणजे गीतरामायणाचे शब्द २०३७ अखेरपर्यंत सुरक्षित. बाबूजी, म्हणजे संगीतकार सुधीर फडके, २००२मध्ये गेले, म्हणजे चाली २०६२पर्यंत. 'मी त्यातून कमावत नाही' एवढ्याने पाठवणं आपोआप कायदेशीर होत नाही. सारंगी, शिकवताना वापरायला कलम ५२मध्ये सवलत आहे, पण खासगी शिकवणीला ती किती लागू यावर वाद होऊ शकतो.

स्पूलवाला:
माझा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. तरुणपणी मी घरगुती बैठकांत स्पूलवर (टेपच्या मोठ्या रिळावर) ध्वनिमुद्रण करायचो, कलावंताला विचारूनच. एका बुजुर्ग गायकांनी हो म्हणताना अट घातली होती, "ऐक, शिष्यांना ऐकव, वाटू नकोस." काही दिवस आवाज लागत नाही, तान फसते, आणि बैठकीतल्या वीस जाणकारांपुढे घेतलेली मोकळीक जगापुढे ठेवायची नसते. हे त्यांचं म्हणणं होतं आणि मला ते पटतं. अल्लादिया खाँसाहेबांनी तर ध्वनिमुद्रण होऊच दिलं नाही, आणि म्हणून आज त्यांचा स्वर कुणीच ऐकू शकत नाही.

आता ते गायक नाहीत. स्पूल चिकट होऊ लागलेत, मी ते संगणकावर घेतले. त्यांच्या मुलीला सगळं आणून दिलं, पैशाचा प्रश्नच नव्हता. तिच्या संमतीने दोन विद्यार्थ्यांना प्रती दिल्या. त्यातली एक बैठक काही महिन्यांत यूट्यूबवर आली, वर जाहिराती, कोपऱ्यात कुणा तिसऱ्याच्याच 'संग्रहा'चा शिक्का. लोक खाली आभार मानतात आणि ते आभार खरे आहेत. पण शब्द मी दिला होता, आणि कमाई ज्याला कुणी ओळखत नाही अशा माणसाची. तेव्हापासून मी प्रत देत नाही. घरी बोलावतो, बसवतो, ऐकवतो.

सारंगी:
काका, मग तुमच्यानंतर?

स्पूलवाला:
त्या गायकांच्या मुलीशी बोलून ठरवलंय. सगळं तिच्या नावे, आणि सार्वजनिक संग्रहाला द्यायचं तर 'तिथे येऊन ऐकता येईल, उतरवून नेता येणार नाही' या अटीवर. अशी अट लिहून घेणारी संस्था मिळाली तर.

खडकवासला:
मी रॅप करतो, गाणी स्वतःच फुकट टाकतो. एका चॅनेलने माझं गाणं उचललं, आपल्या नावावर नोंदवलं, आणि यूट्यूबच्या यंत्रणेने माझ्याच व्हिडिओवर हक्काचा दावा लावला. जाहिरातीचे पैसे तिकडे जायला लागले. फुकट देणं हा माझा निर्णय होता, त्यांचा नव्हे. वकिलीण ताई, आता काय करू?

वकिलीण:
दाव्याला हरकत नोंदवा, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. कॉपीराइट निर्मितीबरोबरच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा लागतो. मूळ प्रोजेक्ट फायली तारखांसह ठेवा, बीट (रॅपमागचं संगीत) कुणाकडून घेतली असेल तर त्याचं लेखी काढा. बीट दुसऱ्याची असेल तर हरकत नोंदवण्याआधी ते सांगा, कारण मग उत्तर बदलतं.

खडकवासला:
बीट मित्राची आहे. लेखी काही नाही. आजच घेतो.